वेळ नाय मरे!

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात मालवणात कोणालाही "काय, कसा काय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "वेळ नाय मरे!" एवढंच उत्तर, पण ते पूर्ण व्हायला पाऊण तास लागतो. कौलं परतायची राहिली आहेत, म्हणजे परतणारा मिळायचा राहिला आहे. लाकडं फोडून झाली, पण मांगरात रचायची आहेत. पश्चिमेच्या पडवीला चुडतांची झड बांधायची आहे. मसाल्याच्या मिरच्या वाळून तयार आहेत, पण डंकावर नंबर लागत नाही. सुक्या सुंगटांचा भाव उतरेल म्हणून थांबलो, तर तो चढला. गोठ्याची गळती, पऱ्ह्यातला पाचोळा, विजेच्या तारेवर लोंबणारी माडाची झावळ... आता संपलं असेल म्हणून आपण निघायला वळावं, तर तो माणूस गडग्यावर नीट मांडी ठोकतो आणि विचारतो, "तुझा काय?" मग आपण आपली यादी सांगायची. दोन्ही याद्या शब्दशः सारख्या असतात, तरी दोघंही एकमेकांची यादी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी, मधे मधे "काय सांगतंस!" म्हणत ऐकतात.

ही आगोट. पावसाचे महिने घरात बसून खाता यावं, जळण भिजू नये आणि जेवताना ताटात छपराचं पाणी पडू नये, एवढ्या माफक अपेक्षेपोटी अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा या दिवसांत कंबर मोडून घेतो. पंचांग आणि सरकार यांचं एरवी फारसं जमत नाही, पण आगोटीला दोघं मिळून माणसाला कोंडीत पकडतात. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं, ७-८ जूनला मिरग. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्यामुळे पर्यटकांना शेवटची फेरी मारायची असते, मच्छीमाराला शेवटचं जाळं टाकायचं असतं, आंबेवाल्याला शेवटची पेटी भरायची असते, आणि या सगळ्यांना त्याच आठवड्यात तोच एक कौलं परतणारा हवा असतो.

शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं ते २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. इतिहासकार या तारखेत काय काय पाहतात ते पाहोत. मला त्यात मालवणची चांगली माहिती असलेला माणूस दिसतो. पाऊस संपलेला, भात घरात आलेलं, दिवाळी आटपलेली. हेच काम मे महिन्यात काढलं असतं, तर पहिला चिरा उचलायला गेलेला गडी वाटेत कोणाशी तरी बोलत अजून उभा असता. १६६७ साली, दोन पावसाळे झेलून, किल्ला पुरा झाला. आमच्या मागच्या पडवीचं काम त्याहून जुनं आहे.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. कामाचा एवढा डोंगर असताना गजाली, म्हणजे गप्पा, कमी व्हायला हव्यात. त्या वाढतात. जानेवारीत रस्त्यावर भेटलेला माणूस मान हलवून पुढे जातो. आगोटीत तोच माणूस सायकल स्टँडवर लावतो.

याचं कारण एका वाक्यात आहे. तुम्ही छपरावर आहात, हातात कौल आहे, घाम डोळ्यांत उतरतो आहे, आणि खालून कोणीतरी येतं. मुंबईचा माणूस म्हणेल, "कामात दिसताय, नंतर येतो." आमच्याकडचा म्हणतो, "तुझा काम चालू दे," आणि बसतो. या चार शब्दांनी मालवणातली जेवढी कामं बंद पाडली आहेत, तेवढी पावसानेही पाडली नसतील. कारण "चालू दे" म्हणणारा गप्प राहत नाही. आधी तो बघतो. मग म्हणतो, "तेका तसा धरू नको." मग म्हणतो, "थांब, सरक वायच." पाहता पाहता तो वर असतो आणि तुम्ही खाली गडग्यावर बसून त्याला वरच्या वाडीतल्या जमिनीच्या दाव्याची ताजी हकिकत पुरवत असता. तो तुमची कौलं परततो. त्याच वेळी त्याच्या घरी त्याची लाकडं दुसराच कोणी रचत असतो, जो मुळात फणस द्यायला आलेला असतो. आणि फणसवाल्याच्या घरी... अशी ही साखळी पार आचऱ्यापर्यंत जात असावी असा मला संशय आहे. आगोटीत गावातलं प्रत्येक काम होतं, फक्त ज्याचं त्याच्या हातून होत नाही.

अपवाद सोलांचा. सोलं ज्याची त्याने राखावी लागतात. पिकलेली रातांबी फोडायची, सालं वेगळी करायची, मीठ घातलेल्या त्याच रसात ती बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. अशी पुटं चढत चढत आमसूल काळं होत जातं आणि घरातल्या बायकांचे हात जांभळे. हे काम वर्णनात सोपं वाटतं, कारण वर्णनात कोंबड्या नसतात. वाळवणावर कोंबडी चालून गेली की पुढचे दोन तास तिच्या मालकिणीच्या खानदानावर जातात. म्हणून कोणीतरी काठी घेऊन सावलीत बसावंच लागतं. आगोटीत अधिकृतपणे बसण्याची परवानगी देणारं हे एकच पद आहे आणि आमच्या घरात ते आईकडे तहहयात आहे.

आईच्या एका हातात काठी असते, दुसऱ्यात मोबाईल. मोबाईलवर लालबागची मावशी. आईचं बोलणं बाहेरून ऐकणाऱ्याला ती मावशीला शिव्या घालते असं वाटतं, कारण "त्या दिवशी मी तुका म्हटलंय ना, तेंचा काय खरा नाय... हाऽड मेल्या!" यातला शेवटचा भाग कावळ्यासाठी असतो. मावशीला हे माहीत आहे. तीही तिकडून "गेलो?" असं कावळ्याविषयी विचारते आणि विषय पुढे सरकतो. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. माती, हवामान, चव, रंग या सगळ्याचा त्यात विचार झाला असणार. आंबटपणात मावशीचा वाटा किती, हे तपासायला मात्र कोणी आलं नाही.

बिया वाया जात नाहीत. त्यांचं मुठेल काढतात आणि आगोटीत भेगाळलेल्या टाचांना ते रात्री चोळतात. हे काम अंगणात ओळीने बसून होतं आणि दिवसभर "वेळ नाय" म्हणून राहून गेलेल्या गजाली तिथे भरून काढल्या जातात. दिवसा सांगितलेल्याच असतात त्या. पण दिवसा घाईत सांगितल्या होत्या ना.

याच दिवसांत चाकरमानी येतो. कोकणकन्येतून कुडाळला उतरतो, पडवीत पाय ठेवतो, दीर्घ श्वास घेतो आणि म्हणतो, "किती शांत आयुष्य आहे रे तुमचं!" हे वाक्य तो आमच्या वहिनीला ऐकवतो, जिच्या एका कुशीत मिरच्यांचं सूप आणि दुसऱ्या कुशीत भाऊजींचा नातू असतो. दोष त्याचा नाही. अकरा महिने लोकलला लोंबकळून तो इथे निवांत बसायला आलेला असतो आणि आमची पाठ मोडायची वेळ नेमकी तीच. त्याला खुर्चीही वाळवणाच्या मधोमध हवी असते, कारण तिथे वारा छान लागतो. शेजारच्या घरात पाहुणे ठेवतात. तिथल्या एका पुण्याच्या बाईंनी परवा आमच्या वाडीतल्या भाऊंना अगदी आपुलकीने विचारलं, "तुम्ही दिवसभर इथे करता तरी काय?" भाऊ त्या वेळी माडावरून उतरत होते. पाडेली सांगून आला नव्हता, म्हणून या वयात स्वतः चढले होते. त्यांनी कमरेचा कोयता काढला, विचार केला आणि म्हणाले, "काय नाय. बसान असतंव."

चाकरमान्यांची पुढची पिढी अधिक धोकादायक. ती मदत करायला येते.

माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. घरून काम करायची मुभा असल्याने तो मेमध्ये लॅपटॉपसकट आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने आमची आगोट तपासली आणि निदान केलं : कामं जास्त नाहीत, व्यत्यय जास्त आहेत. रात्री त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. काम, जबाबदार व्यक्ती, शेवटची तारीख, स्थिती. झालेलं हिरवं, राहिलेलं लाल. सकाळी आईने तो पाहिला आणि "रांगोळी बरी आसा" म्हणाली. शिवाय त्याच्या फोनवर एक टोमॅटो होता. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागावं म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ वापरलं आणि त्यातून ही पद्धत निघाली. पंचवीस मिनिटं एकचित्ताने काम, मग पाच मिनिटं विश्रांती. जगभर लोक वापरतात म्हणे. मी पुतण्याला नाउमेद केलं नाही. पण ज्या गावात "तू कोणाचो रे?" या प्रश्नाचा निकाल लागायला पंचवीस मिनिटं जातात आणि मूळ काम उरलेल्या पाचात होतं, तिथे हा टोमॅटो उलटा लावावा लागेल हे मला दिसत होतं.

तक्त्यातली पहिली ओळ होती शिडी. आमची लांब बांबूची शिडी एप्रिलमध्ये आंबे काढायला कोणीतरी नेली होती. पुतण्याने फोनवर टोमॅटो लावला आणि "पंचवीस मिनिटांत आणतो" म्हणून निघाला. मधेच मीटिंग लागली तर असावा म्हणून लॅपटॉपची पिशवी खांद्याला. मी काही बोललो नाही. माणसाला अनुभवाचा हक्क असतो.

पुढची हकिकत मला सात-आठ तोंडांतून कळली, त्यामुळे ती खरी असावी. पहिल्या घरी शिडी नव्हती. "निसण? ती धुरीवाड्यात गेली. इलंस तसो वायच बस." कोकमाचं सरबत. दुसऱ्या घरी शिडी होती, पण परवापर्यंत. चहा, आणि आजोबांचं आणि त्यांचं कसं नातं लागतं याचा उलगडा. आजोबांच्या आत्याला त्या घरात दिली होती, म्हणजे पुतण्या त्या घरातल्या तीन महिन्यांच्या बाळाचा काका झाला आणि काकाने बाळाच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं. तिसऱ्या घरी बरका फणस फोडलेला होता. फोडलेल्या बरक्या फणसावरून माणसाला पुढे जाता येत नाही, आणि खाल्ल्यावर खोबरेल लावून हात पुसेपर्यंत फोनला बोट लावता येत नाही. टोमॅटो खिशात वाजत राहिला. चौथ्या घरातून त्याला दांडीच्या किनाऱ्यावर पाठवलं, तर तिथे रापण ओढणं चालू होतं. रापणीच्या वेळी किनाऱ्यावर नुसतं उभं राहता येत नाही. दोरीला हात लावावा लागतो, आणि हात लावणाऱ्याला मूठभर मासळी मिळते, असा रिवाज आहे. पिशवी एकच होती.

दिवेलागणीला पुतण्या परत आला तो शिडीशिवाय. खांद्यावर अर्धा फणस, लॅपटॉपच्या पिशवीत पेडवे, लॅपटॉप छातीशी कवटाळलेला. पण त्याने जे आणलं होतं त्याची यादी मी करायला बसलो तेव्हा चकित झालो. शिडी ज्याच्याकडे होती तोच कौलं परतणारा निघाला आणि "काकांका सांग, परवा सकाळी येतंय" असा त्याचा शब्द मिळाला होता. हाच शब्द मिळवायला मी महिनाभर फोन करत होतो. दुसऱ्या घरातल्या काकी डंकावाल्याच्या सख्ख्या आत्या, तेव्हा मिरच्यांचा नंबर उद्याचा लागला होता. रापणीवर सुक्या सुंगटांचा खरा भाव कळला होता आणि बाजारात आपल्याला काय सांगतात तेही. शिवाय मेढ्यातल्या एका मुलीची माहिती, शिक्षणासकट. ती त्याने विचारली नव्हती. रात्री तक्ता उघडून तो बराच वेळ बसला. शिडीची ओळ लाल होती, आणि तिच्याखालच्या तीन ओळी हिरव्या झाल्या होत्या, ज्यांना त्याने हातही लावला नव्हता. मुलीसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

त्याने "वस्त्रहरण" पाहिलेलं आहे. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली त्यातून कुठल्या कुठे नेली. गावातली मंडळी महाभारत उभं करायला निघतात आणि अडचणींतून महाभारत काही डोकं वर काढत नाही, एवढीच गोष्ट. पुण्यात पाहताना त्याला ती अतिशयोक्ती वाटली होती. त्या रात्री पेडव्यांचा वास आलेली पिशवी धुताना तो मला म्हणाला, "काका, ते नाटक नाहीये."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं ते पाऊस वेळेवर येतो तेव्हा. २०२५ साली आला नाही, म्हणजे वेळेआधी आला. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच मुसळधार सुरू झाली. २४ मे रोजी मान्सून केरळात पोचला आणि त्याच दिवशी रत्नागिरीजवळ कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्यावर आलं. २५ मे रोजी हवामान खात्याने मान्सून देवगडात आल्याचं जाहीर केलं. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. पस्तीस वर्षांत राज्यात तो इतक्या लवकर आला नव्हता. वाळवणातली सोलं कुजली, झाडावरचा आंबा गेला, मच्छीमारांचे शेवटचे हमखास दिवस बुडाले. त्यात विनोद नाही आणि मी तो करणारही नाही.

पण छपरांवर जे चाललं होतं ते सांगायला हवं. निम्म्या गावाची कौलं परतायची राहिली होती. ज्याला जी मिळाली ती ताडपत्री घेऊन जो तो भर पावसात वर चढला. आमच्या वाडीत एका वेळी इतकी माणसं इतक्या उंचीवर मी कधी पाहिली नव्हती. आणि खाली गडग्यावर बसायला कोणी उरलं नाही म्हणून गजाली थांबल्या, असं कोणाला वाटत असेल तर त्याने मालवण पाहिलेलं नाही. त्या छपरावरून छपरावर सुरू झाल्या, पावसाच्या वरच्या पट्टीत. एरवी कानात सांगायच्या गोष्टी त्या दिवशी ओरडून सांगाव्या लागल्याने वाडीतली बरीच गुपितं एकदम संपली. भाऊंचं छप्पर एप्रिलमध्येच झालं होतं. असा एक माणूस प्रत्येक वाडीत असतो. ते छत्री घेऊन "माझी कौलां झाली" हे सांगायला घरोघर फिरले. पहिल्या घरात त्यांच्या हातात ताडपत्रीचं टोक दिलं, दुसऱ्यात दोरी, तिसऱ्यात त्यांना वरच चढवलं. संध्याकाळी ते सगळ्यांपेक्षा जास्त भिजलेले होते. पुढच्या वर्षी मीही मेपर्यंत थांबणार, असं त्यांनी जाहीर केलं.

मग मिरग झाला, कोंबडी-वडे झाले, समुद्र बंद झाला, वीज नियमाने जाऊ लागली. आता खरं तर सगळा वेळच वेळ होता. मी पडवीत बसून वाट पाहिली. कोणी आलं नाही. ते सोडा, मीही कोणाकडे गेलो नाही. एकदा भाऊ कुंपणापाशी दिसले, त्यांनी विचारलं, "काय चाललाहा?" मी म्हटलं, "काय नाय." ते "बरा" म्हणाले आणि आत गेले. ज्याच्याकडे मोडायला काम नाही त्याच्याकडे बसायचं तरी कशाला?

लावणी सुरू झाली आणि वाडी जागेवर आली. गुडघाभर चिखल, कमरेतून वाकलेल्या बायकांची रांग, वर पाऊस, आणि मेरेवर दुसऱ्या घरातल्या त्या काकी उभ्या. मेढ्यातल्या मुलीचं पुढे काय झालं, हा त्यांचा प्रश्न. आईने तरव्याची मूठ खाली ठेवली, चिखलाचा हात पदराला पुसला आणि तिथूनच पुण्याला फोन लावला. पुतण्या मीटिंगमध्ये होता आणि दबक्या आवाजात तसं सांगायचा प्रयत्न करत होता.

"कामात आसस?" आई म्हणाली. "मगे तुझा काम चालू दे. तू फक्त आयक."